शांत माणसांचा दरवाजा

अनसूयाबाईंनी दरवाजाच्या खांबावर तळहात टेकवला. दिवा लाल झाला.

"बाजूला व्हा, आजी," शिपाई म्हणाला. "मंत्रीसाहेब आत आहेत. ज्याची छाती धडधडते त्याला हे यंत्र सोडत नाही."

"माझ्या लेकाचं नाव हाय त्या स्मारकावर. धडधडणार न्हाई तर काय?"

"यंत्राला राग काय नि दुःख काय, सारखंच. मी तरी काय करू?"

दरवर्षी हेच व्हायचं. सासूचा दिवा लाल, सुनेचा लाल. मग दोघी रस्त्यापलीकडे उभ्या राहून बिगुल ऐकायच्या.

अनसूयाबाईंनी हार सुनेकडे दिला. "तू बघ."

रंजनाने हात ठेवला. दिवा हिरवा झाला.

"चला ताई, लवकर आत," शिपाई खूश होऊन म्हणाला.

रंजना हलली नाही. तिने तळहात पदराला पुसला, पुन्हा ठेवला. हिरवाच. सासू तिच्याकडे बघत होती.

"शांत व्हायची गोळी घेतलीस व्हय गं?"

रंजनाने काहीच घेतलं नव्हतं. रात्री तिला नुसती गाढ झोप लागली होती.

"घेतली, आत्याबाई," ती म्हणाली. "एकच होती."

"बरं केलंस. जा, त्याच्या नावावर हात फिरवून ये."

रंजनाचा हात अजून खांबावरच होता. दिवा लाल झाला.

"आता काय झालं?" शिपाई वैतागला.

"गोळी उतरली असंल," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि सुनेचा हात धरून तिला रस्त्यापलीकडे घेऊन गेल्या.