माईंचा पायगुण

नानांनी तिसऱ्यांदा किल्ली फिरवली. गाडीने 'टक्' असा एक आवाज केला आणि गप्प बसली.

"आजही नाही म्हणते?" वरच्या खिडकीतून माईंनी विचारलं.

"बॅटरी ठणठणीत आहे. काल टर्मिनल घासली, अर्थची वायर आवळली. तरी ढिम्म!" नानांनी बॉनेट उघडून उगीचच दोन वायरी हलवल्या. "तू येतेस का जरा? तू बसलीस की होते चालू."

"अहो, मी काय मेकॅनिक आहे?" म्हणत माई चपला घालून खाली आल्या आणि डावीकडच्या सीटवर बसल्या. नानांनी बॉनेट लावलं, किल्ली फिरवली. एका दमात इंजिन सुरू झालं.

"पायगुण!" नाना म्हणाले.

मनातल्या मनात त्यांना हसू फुटत होतं. गाडीत बिघाड नव्हताच मुळी. डाव्या सीटखाली एक छोटं बटण होतं. सीटवर कुणी बसलं की ते दाबलं जाई आणि मगच स्टार्टरला करंट मिळे. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून नानांनीच ते गुपचूप बसवून घेतलं होतं.

करणार काय? थोरली बहीण गेल्यापासून माईंनी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. बाजार नाही, मैत्रिणी नाहीत. दिवसभर नानांच्या मागे मागे, या खोलीतून त्या खोलीत. एकदा लहर आली म्हणून नाना एकटेच गाडी घेऊन लांब भटकले होते, पार पेट्रोल संपेपर्यंत. ते घरी आले तेव्हा माई दारातच रडू लागल्या. बहिणीची आठवण, दुसरं काय! असंच चाललं तर बायको खंगून जाईल, ही भीती नानांना पोखरत होती. सांगून ऐकणाऱ्यातल्या माई नव्हेत. मग ही युक्ती.

युक्ती फळली. रोज फेरी होऊ लागली. ही गाडी घेतली तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. मागच्या सीटवर चादर पांघरून झोपायची. चढावर रेडिएटर उकळला की माई पाण्याची बाटली घेऊन उतरत, आणि इंजिन थंड होईपर्यंत तिघंही रस्त्याकडेला चटई टाकून बसत. "गाडी धड असती तर इतकी ठिकाणं बघायला मिळाली नसती," माई तेव्हा म्हणत. ते दिवस आठवले की नानांना भरून येई.

आता माई पुन्हा बोलू लागल्या होत्या. "चौकातून डावीकडे घ्या. सरळ. पिवळी इमारत आली की उजवीकडे." तीस वर्षं पायाखालचा रस्ता, आणि बाईसाहेब तो आपल्याला शिकवतात! पूर्वी नाना फटकन बोलले असते. आता मुकाट ऐकत. बोलतेय ना, बोलू दे.

रविवारी तळ्याकाठी माई कशावरून तरी खळखळून हसल्या. नानांनी ठरवलं, बास झाली लबाडी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी मिस्त्रीच्या गॅरेजपुढे उभी केली. माई समोरच्या दुकानात औषधं आणायला गेल्या. ही संधी साधून नाना मिस्त्रीच्या कानाशी लागले.

"काम फत्ते! बायको आली माणसांत. ते सीटखालचं बटण काढून टाक. आता मी एकटा गेलो तरी चालेल."

मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"राहू द्या ना, नाना. गाडी छान चाललीय."

"अरे, मीच बसवायला सांगितलं, मीच काढायला सांगतोय. तुझं काय जातंय?"

मिस्त्रीने रस्त्यापलीकडे पाहिलं. माई औषधांची पिशवी घेऊन रहदारी थांबायची वाट बघत होत्या.

"नाना, बटण बसवायला तुम्ही आलाच नव्हता," तो हळूच म्हणाला. "माई आल्या होत्या. तुम्ही हरवला होता ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."