स्मृतिपत्रकावरच्या चार ओळी

ग्रंथपाल कालिना किल्ली हातात धरून दारापुढे नुसती उभी होती. वाचनगृहाच्या दारावर कुणीतरी सकाळीच मेतोदीचं स्मृतिपत्रक डकवून गेलं होतं.

त्याला जाऊन वर्ष झालं होतं, म्हणजे पत्रकाचं नवल नव्हतं. चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, वर्षाने घरचे लोक पत्रक छापतात आणि दारांवर, विजेच्या खांबांवर, बसथांब्यावर लावतात. या गावात मेलेली माणसं जिवंतांपेक्षा जास्त वेळा भेटतात. फोटोही नेहमीचाच, रेल्वेच्या टोपीतला. पण फोटोखालच्या चार ओळी कालिनाला तोंडपाठ होत्या.

गाडी गेली, धूर उरला,
धुरालाही तुझाच वास;
ओस पडला फलाट म्हणती,
मला पुरे तो एक श्वास.

आणि त्याखाली त्याच्या बायकोचं नाव, 'तुझी स्पासका.'

या ओळी कालिनासाठी होत्या. नऊ वर्षांपूर्वी मेतोदीने परत केलेल्या एका जाडजूड कादंबरीत घडी घालून आल्या होत्या, त्याच्याच अक्षरात. स्टेशनवरचा हा सिग्नलवाला मोठा वाचक आहे, असं गाव समजायचं. दहाव्या पानापुढे तो एकाही पुस्तकात गेला नव्हता, हे फक्त ग्रंथपालाला ठाऊक होतं. अकरा वर्षांत अशी एकेचाळीस पानं तिला मिळाली. लग्न नाही, मूल नाही. कुणीतरी आपल्यावर एवढं प्रेम केलं याचा पुरावा म्हणून तिच्याकडे तेवढाच ऐवज होता. मेतोदी गेला तेव्हा तिला धड रडताही आलं नव्हतं.

घरी त्याने वही ठेवली असणार आणि ती बायकोच्या हाती लागली असणार, हे तिने ताडलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मग तिथेच, दारातच, तिला ती कल्पना सुचली.

दर चोवीस मेला, अक्षरांच्या सणाला, वाचनगृह गावातल्या एका लेखकाचा सत्कार करायचं. आता लेखक संपत आले होते. गेल्या वर्षी मधमाश्यांवर पुस्तिका लिहिणाऱ्या पशुवैद्यावर वेळ मारून नेली होती. यंदा मेतोदी! एकेचाळीसच्या एकेचाळीस कविता छापायच्या, भरल्या सभागृहात वाचायच्या आणि आपण पहिल्या रांगेत बसून ऐकायच्या.

स्पासका स्वयंपाकघरात चीज भरून भाजायच्या बानित्सासाठी कणकेचे पापुद्रे ताणत होती.

"स्पासकाताई, मेतोदी कविता करायचे हे कधी बोलला नाहीत."

स्पासकाचे हात थांबले. "कोण म्हणतं?"

"पत्रकावर छापलंय की तुम्ही. तसल्या आणखी सापडल्यात मला. परत केलेल्या पुस्तकांत राहून गेल्या होत्या. एकेचाळीस."

"मोजल्यास?"

"ग्रंथपाल ना मी. सवयच आहे."

"आण बघू. नवरा काय लिहून गेला, ते वाचू दे मलाही."

कालिनाने टाइप केलेले कागद पुढे ठेवले. स्पासकाने हात पुसले, चष्मा लावला आणि एकेक कागद सावकाश वाचला. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी उठली नाही. शेवटी म्हणाली, "हे हिरवे डोळे कुणाचे गं? माझे तर काळे आहेत."

"कवींचं काय घेऊन बसलात, ताई. जुळेल ते लिहितात."

"तेही खरंच." स्पासका तिच्या तोंडाकडे इतका वेळ पाहत राहिली की कालिनाने आपले हिरवे डोळे खाली वळवले. "छाप तू. फक्त त्या दिवशी मला दोन शब्द बोलू दे."

घरी जाताना कालिनाला तिची कीवच आली. बिचारीला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

चोवीस मेला दारावर फुलांचं तोरण लागलं. सभागृह गच्च भरलं, मेयर आले. शाळेतल्या बाईंनी तीन कविता वाचल्या आणि कालिना ढसाढसा रडली. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. वर्षभर कोंडलेलं दुःख आज तिला चारचौघांत मोकळं करता आलं, याचंच तिला सुख झालं.

मग स्पासका उभी राहिली.

"मेतोदी भला माणूस. त्याच्या हातून सिग्नल कधी चुकला नाही. पण चार ओळी जुळवणं त्याला बापजन्मी जमलं नसतं."

लोक हसले.

"चेष्टा नाही करत. या कविता माझ्या आहेत."

मेयर खुर्चीत पुढे सरकले.

"स्टेशनवरच्या भित्तिपत्रकाला हव्यात म्हणून मागायचा. बायकोचं नाव नको, लोक हसतील, म्हणून स्वतःच्या अक्षरात उतरवून घ्यायचा. कधी परत आणायचा, हे बदल, डोळे हिरवे कर. मी बदलून द्यायचे. आपलं कुणीतरी वाचतंय, एवढ्यावर मी खूश. नक्कल कधी ठेवली नाही. चार ओळी तेवढ्या आठवत होत्या, त्या त्याच्या पत्रकावर घातल्या."

कालिनाला आता कळलं. त्या एकेचाळीस पानांत मेतोदीचा एक शब्द नव्हता. बायकोच्या हातचं आणून त्याने तिला वाढलं होतं, आणि ती अकरा वर्षं त्यावर जगली होती. रडावं म्हटलं तर ज्याच्यासाठी रडायचं तो माणूसच आता उरला नव्हता.

टाळ्या सुरू झाल्या. लोक उठून उभे राहिले. दिवंगत कवीच्या पत्नीसाठी आणलेला गुच्छ मेयरांनी गडबडून कवयित्रीच्या हाती दिला. स्पासकाने हात वर केला तशा टाळ्या थांबल्या.

"नुसत्या लिहिणारीचं कौतुक करू नका," ती म्हणाली. "माझा एकेक कागद इतकी वर्षं जिवापाड जपणारी वाचकही इथेच बसलीय. कालिना, ऊठ गं. गावाला दिसू दे."