दुसरा पेला

रोझलीनने कलेजीची बशी पुढे ढकलली. "ईस्टरपर्यंत मासमच्छी नाही. मी देवाला शब्द दिलाय."

ती बारा वर्षांची होती. लहानपणी आलेल्या तापाने तिच्या हृदयाची एक झडप आकसली होती. विहिरीपर्यंत गेली तरी धाप लागे. मुंबईत अशी ऑपरेशनं नुकतीच होऊ लागली होती. डॉक्टरांनी ईस्टरनंतर बोलावलं होतं, पण पोरीचं रक्त आधी सुधारायला हवं, ही त्यांची अट होती. इतक्या फिकट रक्तावर सुरी चालवणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

"आजाऱ्याला उपास माफ असतो, बाय," तिचे वडील सेबेस्टियन मास्तर म्हणाले. "फादरनीच सांगितलंय."

"माफ असून धरला तर देव जास्त खूश होईल. ऑपरेशन चांगलं होईल."

"बापाचीच पोर!" आतून तिची आई इनेझ म्हणाली. "बोलण्यात हरायची नाही."

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी काचेचे दोन पेले आणले, कोकमाच्या आगळाची बाटली आणली. पहिल्या पेल्यात भरपूर आगळ ओतलं. दुसऱ्यात जेमतेम घोटभर, बाकी पाणी.

"ऑपरेशनमध्ये थोडं रक्त जातंच." त्यांनी दोन्ही पेले निम्मे रिकामे केले. "मग डॉक्टर मिठाचं पाणी चढवतात." दोन्ही पेले त्यांनी पुन्हा पाण्याने काठोकाठ भरले.

पहिला अजून लाल होता. दुसऱ्यात रंग शोधावा लागत होता.

"पण भरलेला आहे ना?" रोझलीन म्हणाली.

"भरलेला आहे. पण आपण श्वास घेतो, तो अंगभर पोचवते ती रक्तातली लाली. ती नसली तर भरलेला पेलाही उपाशीच. हृदय मध्येच थकतं."

"म्हणजे मी दुसरा पेला?"

"सध्या."

रोज सकाळी ते तिला खिडकीपाशी नेत आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने हळूच ओढून बघत. आत खोबऱ्यासारखं पांढरं दिसे. "उद्या लाल होईल," असं म्हणून ते तिच्या गालावर टिचकी मारत.

रोझलीन पेल्यांकडे बघत राहिली. मग तिने बशी जवळ घेतली. एक तुकडा तोंडात टाकला, नाक मुरडलं आणि गिळला. मास्तरांचा चेहरा खुलला.

"आणि खूपच रक्त गेलं तर?" तिने विचारलं.

"तर माझं चढवतील. आपलं रक्त जुळतं." त्यांनी आपली पेजेची वाटी तोंडाला लावली.

रोझलीन त्या वाटीकडे बघत होती. कालही पेजच होती. नाताळच्या दिवशी सगळं घर जेवलं, तेव्हाही ते पेजच प्यायले होते.

"बाबा, तुम्ही मासमच्छी का खात नाही?"

मास्तरांनी वाटी खाली ठेवली.

"सांगा ना आता," इनेझ दारात येऊन म्हणाली. "पोर बरी होईपर्यंत कुणी काय सोडलंय ते."

रोझलीन उठली. तिने मास्तरांना हाताला धरून खिडकीपाशी नेलं. त्यांची खालची पापणी अंगठ्याने हळूच ओढली आणि बराच वेळ आत बघत राहिली. मग कलेजीची बशी आणून त्यांच्या हातात दिली.

"बाबा," ती म्हणाली, "आपल्या घरात दोन्ही पेले दुसरेच आहेत."