वाकलेल्या पेशी

प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकावर प्रमुख मॅडमच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी बारा वर्षं चिकटलेली होती: ‘वाकलेल्या पेशी खराब. मोजू नयेत.’ तंत्रज्ञ बाईंनी डोळे झाकून ती पाळली होती. आज मात्र नव्या रंगामुळे माशाच्या भ्रूणातल्या पेशींच्या आतला धाग्यांचा सांगाडा पडद्यावर उजळला आणि बाई पुढे झुकून पाहू लागल्या. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या एका पेशीचे धागे आवळले, ती धनुष्यासारखी वाकली, भिंतीतून सुटली आणि जिच्यापासून पुढचं सगळं रक्त बनतं ती मूळपेशी होऊन वाहत गेली. ताठ पेशी भिंतीतच राहिल्या. बाईंनी मॅडमना बोलावलं. मॅडमनी चित्रफीत तीनदा पाहिली. “म्हणजे मी जन्मणाऱ्यांनाच खराब ठरवत होते,” त्या म्हणाल्या आणि नखाने चिठ्ठी खरवडू लागल्या. “कपाट उघडा, बाई. जुन्या चित्रफितींतल्या पेशी पहिल्यापासून मोजू.” “बारा वर्षांच्या? मॅडम, तुमच्या निवृत्तीला दोनच महिने राहिलेत.” चिठ्ठी निघाली. “म्हणून तर घाई आहे.”