वरचा सुळा

"दात काढू नकोस हं."

आईचा आवाज आत्ताही कानात होता. खुर्ची मागे कलली, दिवा तोंडावर आला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हिरडीत सुई टोचली आणि म्हणाल्या, "थोड्या वेळात ओठ जड होईल." ओठ जड झाला. तिला त्यात नवीन काही वाटलं नाही.

आई म्हणाली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आई इस्पितळात होती. शेजारच्या खाटेवरची म्हातारी झोपेत शिट्टी वाजवल्यासारखी घोरत होती आणि हिला हसू आवरत नव्हतं. आईने तिला जवळ ओढलं, हनुवटीला बोट लावलं आणि हळू आवाजात तेवढंच सांगितलं. "नाही काढणार," ती म्हणाली. त्याच आठवड्यात आई गेली.

पोरीने तो शब्द वशासारखा पाळला. हसू आलं की ओठ घट्ट. चुकून फुटलंच, तर झोपताना मनातल्या मनात आईची क्षमा मागायची. कुणापाशी बोलली नाही. नेमाचा गवगवा करू नये असं तिला वाटायचं. लोक म्हणाले, आईवेगळी पोर, अकाली शहाणी झाली. पुढे ती एका फोटो स्टुडिओत नोकरीला लागली. पासपोर्टचे फोटो काढायची. गिऱ्हाइकाला "ओठ मिटा, हसू नका" असं सांगायला तिच्याइतकं लायक माणूस मिळालं नसतं. नवरा म्हणायचा, "हिला हसवायचं तर अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर झाल्याचं अजून ऐकलं नाही." तेही ती ओठ मिटूनच ऐकायची. हळूहळू हसू येणंच थांबलं. थांबलं त्याचं काही वाटणंही थांबलं.

मग लेकीचं झालं. बालवाडीतली पोर, एरवी खिदळायला लागली की घर डोक्यावर घ्यायची. हल्ली हसू आलं की दोन्ही ओठ आत ओढून घ्यायची आणि आईकडे बघायची. ते मावशीच्या नजरेतून सुटलं नाही. मावशी म्हणजे हिच्या आईची धाकटी बहीण, हिला आईमागे वाढवलेली.

"तुझं बघून पोरगी मुकी व्हायला लागलीय," मावशी म्हणाली. "एवढी लाज वाटते ना त्या वाकड्या सुळ्याची? मग घे दात नीट करून. पण लेकराचं हसू खाऊ नकोस बाई."

तिचा वरचा सुळा जरा उंचावर उगवला होता आणि शेजारच्या दातावर रेलून बसला होता. सगळं त्याच्यापायी, असा मावशीचा समज. तिने तो खोडला नाही. तिचा हिशेब निराळाच होता. दातांवर पोर्सेलिनचा थर चढवला की दिसणारे दात आपले नव्हेत. ते दाखवले तर आईचा शब्द मोडणार नव्हता, आणि लेकीसमोर हसता येणार होतं.

"चला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी हा वरचा सुळा काढून टाकू. मग पुढच्या दातांवर पोर्सेलिनचे पापुद्रे बसवू. नखाएवढे पातळ असतात. कुणाला पत्ताही लागणार नाही."

कोपऱ्यातल्या स्टुलावरून मावशी ताडकन उठली.

"काढणार? अहो, बसवायचं ठरलंय ना? काढायचं कुणी सांगितलं?"

"मागच्या खेपेला बोलले होते मी यांच्याशी. यांनी मान हलवली."

"ही कशालाही मान हलवते!" मावशी खुर्चीपाशी आली. "अगं, तुला विसर कसा पडला? तुझ्या आईने जाताना तुला काय बजावलं होतं? दात काढू नकोस म्हणून सांगितलं होतं ना?"

तिच्या तोंडात कापसाचा बोळा होता. ती नुसती बघत राहिली.

"शाळेच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले होते, हा सुळा आडवा येतोय, काढून टाका. मी ते ताईला सांगितलं. इतकी आजारी, पण उठून बसली. म्हणाली, मुळीच नाही. आपल्या आईचा अगदी असाच होता, हसली की आधी तोच दिसायचा. मी सांगते पोरीला, माझ्यामागे कुणाला तो काढू द्यायचा नाही."

यंत्राचा नळ बारीक आवाज करत होता.

तिने स्वतःच कापूस बाहेर काढला. छातीवरचा कागदी रुमाल सोडवला, घडी केली आणि बाजूच्या ताटलीत ठेवला.

"राहू द्या, डॉक्टर," ती म्हणाली. शब्द जाड, ओले बाहेर पडले.

"बरं. पण ओठ बधिर आहे, चावाल हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

जिन्याच्या वळणावर ती थांबली. तिचे खांदे हलत होते. मावशी घाबरली.

"काय गं? रडतेस होय?"

तिने नाही म्हणून मान हलवली. गालाला हात लावून पाहिला. गाल दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा लागला.

"मावशी, मला काही कळत नाहीये. मी हसतेय का?"

मावशीने चष्मा सारखा केला. तिच्या तोंडाकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"सुळा दिसतोय," ती म्हणाली.

तिचा हात सवयीने तोंडाकडे निघाला. अर्ध्यावर आल्यावर तिने तो खाली घेतला आणि कठड्यावर ठेवला. लेकीची शाळा सुटायची वेळ झाली होती. ओठ न मिटता ती एकेक पायरी उतरू लागली.