स्वतःचा उजेड

गेल्या वर्षी रात्री डोंगर उतरताना सायकलचा दिवा मंदावला, म्हणून ती मागच्या मित्राच्या उजेडात उतरू लागली. वळणावर स्वतःचीच सावली आडवी आली आणि ती दगडांवर आपटली. खांदा मोडला. “फिटली ना हौस?” आई म्हणाली. हाड जुळताच ती सायकलच्या दुकानात गेली. दुकानदारानं छोटासा दिवा पुढे केला. “ताई, एवढा बास होतो.” “मला डोंगर उतरायचाय. दुकानातले दिवे मालवा.” अंधारात तिनं एकेकाचा उजेड भिंतीवर पाडून पाहिला. पसरट झोताचा हँडलसाठी निवडला आणि लांब पल्ल्याचा हेल्मेटसाठी, कारण वळणावर हँडलआधी नजर वळते. शनिवारी रात्री डोंगरमाथ्यावर तोच मित्र म्हणाला, “तू माझ्यापुढे राहा, मी उजेड धरतो.” “नको. मागून ये, अंतर ठेवून.” तिनं दोन्ही दिवे लावले, ब्रेक सोडले आणि चाक उतारावर घातलं.