तळ्याची खोली

“खोली किती?” पाणीवाल्यांनी विचारलं.

“दहा बाय बारा, काका. मोठी खिडकी आहे, न्हाणीघर आतच.”

“अहो, तळ्याची!”

वृद्धाश्रमाची मेट्रनबाई हसली. तळ्याची खोली तिला कुठून ठाऊक असणार! मग पाणीवाल्यांनी एक काठी शोधली, तळाशी टेकवली आणि ओला झालेला भाग वितींनी मोजला. सहा विती भरल्या. चालेल. चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपांवर काढलेला माणूस, पाण्याच्या बाबतीत दुसऱ्याच्या शब्दावर थोडाच विसंबणार? गल्लीत सगळे त्यांना पाणीवालेच म्हणत.

त्यांच्या गच्चीवर, एका टबात, पाच रंगीत कोई मासे होते. आणले तेव्हा बोटाएवढे, आता चांगले हातभर. दुकानदार म्हणाला होता, मासा भांड्याएवढाच वाढतो हो, काळजी नको. धादांत खोटं! मासा वाढतच राहतो आणि जागा पुरली नाही की आतून खंगतो. एकाची तर पाठच वाकली होती. त्यात बायको खाणं टाकायची, टाकलेलं विसरायची, पुन्हा टाकायची. पाणी नासलं आणि गेल्या महिन्यात दोन मासे गेले. पाणीवाले तिच्यावर नको तेवढे ओरडले होते. “हो, चुकलं माझं,” एवढंच ती म्हणाली. मग त्यांनाच रात्रभर चुटपुट लागून राहिली.

उरलेले तिघे आता जाड पिशव्यांत, तळ्यावर तरंगत होते. मासा एकदम सोडायचा नसतो. अर्धा तास पिशवी तशीच ठेवायची, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार होऊ द्यायचं. घाई केली तर धक्क्यानेच जातो बिचारा.

बायको बाकावर बसली होती. पायाशी मोठी बॅग. काल दुपारी तिने स्वतःच ती भरली होती, एकेक कपड्याची नीट घडी घालून. तिला बिचारीला वाटत होतं, आपण फक्त मासे सोडायला चाललोय.

घरभर चिठ्ठ्या झाल्या होत्या, तिच्या अक्षरात. ‘गॅस बंद?’ ‘किल्ली खिळ्याला.’ ‘मासे जेवले.’ एवढं लिहूनही गोंधळ व्हायचाच. शेवटी लेकीने फोनवर स्पष्टच सांगितलं, “बाबा, आईला आता घरी नाही झेपत. ऐका माझं.” दोन दिवस पाणीवाल्यांनी तिचा फोनच घेतला नाही. तिसऱ्या दिवशी हो म्हणाले. तळं असलेलीच जागा हवी म्हणून चार ठिकाणं पालथी घातली. निदान ओळखीचे मासे तरी समोर असतील. बायकोनेही प्रत्येक ठिकाणी आधी तळंच पाहिलं होतं.

“पिशव्या कधी ठेवल्या गं?”

“पावणेचारला.”

पाणीवाले मेट्रनबाईकडे वळले. “खाणं दिवसातून दोनदाच, बरं का. आणि मागे लागलं की जेवत नाही. कोणी आवाज चढवला की बावरते.”

“माशांचं म्हणताय ना, काका?”

“माशांचंच.” त्यांनी मान फिरवली. तिच्या देखत आणखी कसं सांगणार? “करमेनासं झालं तर कोणी बसतं का जवळ?”

“बसतं की. मी बसेन.”

बाई मनाची बरी वाटली. पाणीवाल्यांना जरा हायसं वाटलं. ते बाकावर येऊन टेकले.

“पिशव्या कधी ठेवल्या गं?”

“पावणेचारला,” बायको म्हणाली. न चिडता, तितक्याच शांतपणे. एवढं बरं हिच्या लक्षात राहतं, पाणीवाल्यांना नवल वाटलं.

सव्वाचारला त्यांनी गाठी सोडल्या. दोन मासे सरळ खोल पाण्यात गेले. पाठ वाकलेला तिसरा मात्र काठाशीच फिरत राहिला, गोल गोल, टबाएवढ्याच जागेत. पुढेही पाणी आहे हे त्याला कळतच नव्हतं. बऱ्याच वेळाने तो थोडा लांब गेला, थबकला, आणि दिसेनासा झाला.

बायको पदराने डोळे पुसत होती.

“अगं, रडतेस काय वेड्यासारखी? ऐसपैस जागा मिळाली त्यांना.”

“हो ना. जपतील ना हो इथे?”

“जपतील गं.”

बोलून गेले खरे, पण त्यांना गलबलून आलं. बेचाळीस वर्षं ही बाई आपल्या प्रत्येक आजारपणात उशा-पायथ्याला बसत आली, आणि आपण तिला माशांची थाप मारून इथे आणलं. लाज कशी वाटली नाही? खड्ड्यात गेला तो लेकीचा सल्ला. गॅस आपण बघू. किल्ल्या आपण सांभाळू. ती हजारदा विसरली तर हजारदा सांगू.

ते उठले. एका हाताने बॅग उचलली, दुसऱ्याने तिचं मनगट घट्ट धरलं.

“चल, ऊठ. घरी जाऊ. मी नाही तुला इथे सोडणार. काय व्हायचं ते होऊ दे.”

ती उठली. मग तिने त्यांच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली, वरचं बटण लावलं, आणि आपला हात हळूच सोडवून घेतला.

मेट्रनबाई पुढे झाली. तिने पाणीवाल्यांच्या दंडाला धरलं.

“काकूंना निघू द्या आता, काका,” ती म्हणाली. “त्यांची बस चुकेल.”